एका माइकवर दोघी

‘‘आता व्हायोलिनं बदलून घ्या,’’ ओजस काचेपलीकडून म्हणाला. ‘‘हेमांगीताई, तुमचं त्यांना द्या. त्यांचं तुम्ही घ्या.’’

मी माझं व्हायोलिन लगेच पुढे केलं. ग्लोरियाने हात पुढे केला नाही. आपलं वाद्य तिने मांडीवर आडवं ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या माइककडे बघत म्हणाली, ‘‘नाही.’’

‘‘पाचच मिनिटं, ताई. दोघींच्या सोळा जणी करायच्यात आपल्याला. वाद्य बदललं की आवाज बदलतो, म्हणजे ऐकणाऱ्याला—’’

‘‘मला माहीत आहे ते. दुसरी कुणी असती तर दिलं असतं.’’

मी माझं व्हायोलिन परत मांडीवर घेतलं आणि काचेकडे बघून जरा हसले. माझी कसलीच हरकत नाही, हे ओजसला दिसावं म्हणून.

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘मग निदान खुर्च्या बदला.’’

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, अंधेरीतल्या एका स्टुडिओतली. ओजस दंडवते तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याचा पहिलाच सिनेमा होता. दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या माणसाची गोष्ट. पार्श्वसंगीतासाठी त्याला चाळीस वादकांचा ताफा हवा होता, पण निर्मात्याने सरळ नाही म्हटलं होतं. म्हणून त्याने सगळं संगणकावर उभं केलं होतं. परदेशातल्या कुठल्याशा वाद्यवृंदाचा एकेक सूर सुटा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, ते सूर जुळवून हा माणूस घरी बसून चाळीस जणांचं संगीत करत होता. ऐकायला भरगच्च वाटायचं. पण लांब, संथ ओळ आली की सगळं गुळगुळीत, मेण फासल्यासारखं व्हायचं. तेवढ्यासाठी त्याने आम्हा दोघींना बोलावलं होतं. संगणकातल्या व्हायोलिनांवर आमची खरी व्हायोलिनं चढवायची. प्रत्येक ओळ आठ वेळा वाजवायची, दर वेळी खुर्च्या बदलून, आणि मग ते आठही थर एकावर एक ठेवायचे. मधोमध एकच मोठा माइक, आणि त्याच्यासमोर आम्ही दोघी.

ओजसला एवढंच सांगण्यात आलं होतं, की आम्ही दोघी वसईच्या आहोत, एकाच गुरूकडे शिकलोय आणि अकरा वर्षं नोटेशनच्या एकाच स्टँडवरून वाजवलंय. ते सगळं खरं होतं. सहा वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्दही बोललो नव्हतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्लोरिया तुस्कानो पापडीची, मी चौधरींची, शेजारच्याच गावातली. डायस सरांच्या ओसरीवर आम्ही नऊ-दहा वर्षांच्या असताना एकदमच शिकायला लागलो. पुढे सिनेमाच्या रेकॉर्डिंगांना एकत्र जायला लागलो. दोघींत एक स्टँड असलं की पानं उलटण्याचं काम आतल्या बाजूच्या वादकाचं असतं. आमच्यात ते कधी ठरवावं लागलं नाही. ती श्वास कुठे घेते हे मला कळायचं, माझा गज कुठे संपतो हे तिला.

मग एका मोठ्या वाद्यवृंदाचा युरोपचा दौरा निघाला. वादक जमवायचं काम कारखानीसांकडे होतं. त्यांनी मला निवडलं. मी पासपोर्ट काढला, नवऱ्याने जाड कोट आणून दिला, सासूबाईंनी सहा आठवडे मुलीला सांभाळायचं कबूल केलं. निघायला पंधरा दिवस असताना कारखानीसांनी घरी बोलावून सांगितलं, ‘‘हेमांगी, या वेळी राहू दे. तुझी करंगळी धड चालत नाही म्हणे.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘तुझ्या शेजारी बसणारी म्हणते.’’

माझ्या जागी ग्लोरिया गेली.

त्यानंतर मी तिचं नाव घरात काढू दिलं नाही. माझ्या करंगळीला काही झालेलं नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. कुणी न विचारताही सांगितलं.

त्या दिवशी स्टुडिओत शिरले आणि ती खुर्चीवर बसून गजाला राळ लावताना दिसली, तेव्हा मी दारातूनच परत फिरणार होते. पण दौरा हुकल्यापासून मला बोलावणी कमीच येत होती. मी आत गेले.

पहिले दोन टेक बरे झाले. तेच वाईट वाटत होतं. सहा वर्षांनीही आमचे गज एकाच वेळी वळत होते.

‘‘तिसऱ्या बारला तू अप घेतेस,’’ ती समोरच्या कागदावरल्या उभ्या रेघांच्या तिसऱ्या घराकडे बघत म्हणाली. त्या दिवसातलं तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

‘‘कागदावर तसंच लिहिलंय.’’

‘‘कागद त्या मुलाने लिहिलाय. त्याला गज धरता येत नाही. डाऊन घे.’’

‘‘मला कागदाप्रमाणे वाजवायचंय.’’

‘‘वाजव.’’

पुढच्या टेकला मी अप घेतला, गज वर ढकलत; तिने डाऊन, खाली ओढत. मुबीनभाईंनी थांबवलं. ते रेकॉर्डिस्ट. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. ‘‘दोघींचे गज उलटसुलट चाललेत,’’ ते म्हणाले. ओजसने मग मलाच डाऊन घ्यायला सांगितलं, आणि ग्लोरियाने खिशातली पेन्सिल काढून माझ्या कागदावर माझ्या देखत खूण केली. इतकी दाबून केली की कागद फाटला.

त्यानंतर ती दीपगृहाची ओळ आली. ओळ सोपी होती. हळूहळू वर चढत जायचं आणि चौतिसाव्या बारला वरच्या डी सुरावर पोचून तो चार बार धरून ठेवायचा, आवाज वाढवत. त्या जागी हात जसा असतो तसा ठेवला तर तो सूर करंगळीवर येतो.

आम्ही वाजवलं. मुबीनभाई म्हणाले, ‘‘परत घेऊ.’’

परत वाजवलं.

‘‘चौतीसला डी उतरतोय,’’ ते म्हणाले. ‘‘एकीचा. खालच्या ट्रॅकवर संगणकाचा सूर अगदी सरळ आहे, त्यामुळे लगेच कळतंय.’’

‘‘कुणाचा?’’ ओजसने विचारलं.

‘‘एकच माइक आहे. कसं सांगणार?’’

‘‘आणखी एकदा घेऊ या.’’

तिसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी ते उतरणं हेडफोन न लावताही ऐकू आलं असतं. दोन सूर एकमेकांवर घासत होते आणि त्यांच्यामधून थरथर निघत होती.

‘‘कुणाचा आहे, ताई?’’ ओजस आता आम्हालाच विचारत होता. त्याचा आवाज चढला होता. स्टुडिओ संध्याकाळी पाचपर्यंतच मिळाला होता आणि घड्याळात एक वाजून गेला होता. ‘‘ज्यांचा असेल त्यांनी सांगा, म्हणजे पुढे जाता येईल.’’

‘‘माझा बरोबर आहे,’’ मी म्हणाले.

ग्लोरियाने मान वळवली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी हात मांडीखाली घेतला.

‘‘माझाही बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तिचा उतरतोय.’’

‘‘चहा घेऊ या,’’ मुबीनभाई म्हणाले.

चहा बाहेरच्या बोळात होता, स्टीलच्या थर्मासात. मी कप भरून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. ती माझ्या मागोमाग आली आणि हातभर अंतरावर थांबली. तिने चहा घेतला नव्हता.

‘‘त्याला सांग की बोट बदलून वाजवते,’’ ती म्हणाली. ‘‘हात वर सरकव, दुसऱ्या बोटाने घे. कुणी काही म्हणणार नाही.’’

‘‘मला काही बदलायची गरज नाही.’’

‘‘हेमांगी, मी शेजारी बसलेय. मला दिसतंय.’’

‘‘तुला नेहमीच दिसतं. मागच्या वेळीही तुलाच दिसलं होतं, आणि मग कोट घालून तू गेलीस.’’

तिचा चेहरा बदलला नाही. ‘‘ते वेगळं.’’

‘‘वेगळं काय त्यात? तेव्हा एक जागा हवी होती. आता ही पण हवीय का? ओजसला एकटीनेच सोळा वेळा वाजवून देशील?’’

‘‘मला ही जागा आहेच,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्यामुळे ती जाणार आहे. तू खोटं बोललीस तर तो दोघींनाही घालवेल.’’

‘‘मग तू सांग की तुझा उतरतोय.’’

ती हसली. हसली म्हणजे नाकातून नुसता श्वास सोडला. ‘‘डायस सर असते तर त्यांनी तुला एक ठेवून दिली असती,’’ ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही परत बसलो तेव्हा ओजस काचेपलीकडे नव्हता. तो आतल्या खोलीतच येऊन उभा होता, दोन्ही हात जीन्सच्या मागच्या खिशांत घालून. मुबीनभाई काचेमागे मान खाली घालून बसले होते.

‘‘एकेकीने वाजवा,’’ ओजस म्हणाला. ‘‘फक्त ती ओळ. मला काही मनात ठेवायचं नाहीये, पण वेळ नाही. ग्लोरियाताई, आधी तुम्ही.’’

ग्लोरियाने वाजवली. तिच्या डी सुरात खोट नव्हती. चार बार तिने तो असा धरला, की मी सहा वर्षं तिला जे जे म्हणत आले होते त्यातलं एकही त्या सुराबद्दल म्हणता आलं नसतं.

‘‘हेमांगीताई.’’

मी व्हायोलिन उचललं. ओळ सुरू केली. वर चढत गेले. डीच्या आधी हात गुपचूप वर सरकवला आणि तो सूर दुसऱ्या बोटाने घेतला. सूर नेमका लागला. सरकताना बारीकसा आवाज झाला, तो वादकालाच कळावा असा. ओजसला तो कळला नसता.

‘‘दोघींचंही बरोबर आहे,’’ तो गोंधळून म्हणाला.

‘‘तिने बोट बदललं,’’ ग्लोरिया म्हणाली. ‘‘करंगळीने वाजवायला सांगा तिला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तिची करंगळी वाकते. सांगा तिला करंगळीने वाजवायला, आत्ता, तुमच्यासमोर.’’

ओजसने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी बोट बदललं हे कबूल केलं असतं तर काय झालं असतं? काही झालं नसतं. शंभर वादक बोटं बदलून वाजवतात. मी तीच ओळ दुसऱ्या बोटाने आठ वेळा वाजवून घरी गेले असते. पण मला तसं वाजवायचं नव्हतं. सहा वर्षं ज्याला मी खोटं म्हणत आले, ते तिच्यासमोर खरं ठरू द्यायचं नव्हतं.

‘‘ओजस,’’ मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा शांत निघाला. ‘‘तुम्ही नवीन आहात, तुम्हाला माहीत नसेल. ही जिथे जाते तिथे हेच करते. सहा वर्षांपूर्वी हिने कारखानीसांना हेच सांगितलं आणि माझ्या जागी स्वतः दौऱ्यावर गेली. त्यांना विचारा हवं तर. शेजारच्या वादकाच्या हातात खोट काढायची आणि जागा घ्यायची. मघाशी व्हायोलिन दिलं नाही ते तुम्ही पाहिलंत. गजाच्या खुणा तुमच्या कागदावर स्वतःच करते. मी तुमचं सकाळपासून सगळं ऐकतेय. मला फक्त वाजवायचंय.’’

हे सगळं म्हणताना मी रडले नाही, पण रडण्याच्या काठावर आहे असं दिसेल इतपत आवाज ठेवला. तो मला ठेवता येतो, हे मला त्याच दिवशी कळलं.

ओजस काचेकडे वळला. मुबीनभाईंनी मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. मग ओजस आमच्याकडे फिरला.

‘‘ग्लोरियाताई,’’ तो म्हणाला, ‘‘आपण इथे थांबू या. उरलेलं मी हेमांगीताईंकडून करून घेतो.’’

ग्लोरियाने वाद घातला नाही. गजाचा स्क्रू सैल केला. तारांवरची राळ पुसली, कपडा घडी घालून पेटीत ठेवला. पेटीची कुलुपं लावली आणि माझ्या खुर्चीजवळून जाताना थांबली.

‘‘सोळाही वेळा दुसऱ्याच बोटाने वाजव,’’ ती एवढ्या हळू म्हणाली, की माइकवर ते गेलं नसेल. ‘‘आणि पुढेही.’’

दार जाड होतं. बंद झालं तेव्हा आवाजही झाला नाही.

मी सोळा वेळा वाजवलं. डावीकडे बसून, उजवीकडे बसून, भिंतीकडे सरकून, ओजसने स्टुडिओतलं धूळ खात पडलेलं एक जुनं व्हायोलिन दिलं ते घेऊन. पाचला दहा मिनिटं असताना काम संपलं. ओजसने माझा हात हातात घेऊन आभार मानले.

माझी करंगळी वाकत होती. दौऱ्याच्याही दोन वर्षं आधीपासून. वाजवताना ती आपोआप तळव्याकडे वळायची, मी नको म्हणत असताना. घरी एकटी असताना मी तिला पेन्सिल बांधून सराव केला होता. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. ग्लोरियाला सांगावं लागलं नव्हतं.

सिनेमा चालला. ओजसचं नाव झालं. दुसरा सिनेमा, तिसरा, मग मालिका, मग हिंदी. दर वेळी त्याला संगणकावरच्या संगीतावर चढवायला चार-सहा खरी व्हायोलिनं लागायची, आणि ती जमवायचं, सांभाळायचं काम त्याने माझ्याकडे दिलं. मी कुणाला बोलवायचं ते ठरवायला लागले. ग्लोरियाला कधी बोलावलं नाही. इतरांनी तिच्याबद्दल विचारलं तर मी सांगायचे की तिच्याबरोबर काम करणं अवघड आहे, ती शेजारच्या वादकाला खाली ओढते. असं मी किती जणांना सांगितलं ते नंतर आठवून पाहिलं. अकरा जणांना तरी नक्कीच. दोन वर्षांत तिला बोलावणी येणं बंद झालं, असं कानावर आलं. पापडीला चर्चमध्ये मुलांना शिकवते, असंही.

गेल्या वर्षी करंगळीच्या जोडीला अनामिकाही वळायला लागली. हाताच्या डॉक्टरांनी बोटं तपासली, माझ्याकडून व्हायोलिन वाजवून घेतलं आणि म्हणाले, बोटात काही नाही, मेंदूच बोटाला चुकीचा निरोप देतोय. वाजवणाऱ्यांना होतं असं. ‘‘कधीपासून आहे?’’ त्यांनी विचारलं. मी खरं वर्ष सांगितलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. ‘‘मग तेव्हाच का आला नाहीत?’’ त्यांनी विचारलं. वाजवायचं आता थांबवा, म्हणाले.

हे सांगायला मी ओजसकडे गेले. त्याचा आता स्वतःचा स्टुडिओ आहे, वर्सोव्याला. केस पिकायला लागलेत. मी त्याला सगळं सांगितलं. हाताचं सांगितलं, आणि मग त्या दिवसाचंही सांगितलं. म्हटलं, तुला तेव्हा माझ्याबद्दल वाईट वाटलं असेल, पण मी खोटं बोलले होते. ग्लोरिया खरं सांगत होती.

तो खुर्चीत मागे रेलला. ‘‘मला माहीत होतं,’’ तो म्हणाला.

‘‘काय माहीत होतं?’’

‘‘मुबीनभाईंनी दोन्ही स्टँडना एकेक छोटा माइक लावला होता. मोठा फसला तर असावा म्हणून. तुमच्यासमोर ते मुद्दाम बोलले नाहीत. तुम्ही चहाला गेलात तेव्हा आम्ही दोन्ही वेगवेगळे ऐकले. उतरत होता तो तुमचा होता.’’

‘‘मग एकेकीला वाजवायला का लावलंस?’’

‘‘तुम्ही काय म्हणताय ते बघायचं होतं.’’

‘‘आणि मी खोटं बोलले ते बघून मला ठेवलंस?’’

‘‘ताई, माझा पहिला सिनेमा होता,’’ तो म्हणाला. त्याला त्यात काही लपवावंसं वाटत नव्हतं. ‘‘त्या वाजवायच्या चांगलं, पण सकाळपासून प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होत्या. त्यांच्याबरोबर मला पाचपर्यंत काम उरकता आलं नसतं. तुम्ही मात्र सांगेन ते करणार होतात. आणि तुमची एक गोष्ट मला माहीत आहे म्हटल्यावर पुढेही करत राहिला असतात. मला ते कधी बोलून दाखवायची वेळच आली नाही.’’

त्याने हे दुखवायला म्हटलं नव्हतं. तो उठून मला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

खाली उतरल्यावर मला पंधरा वर्षं आठवत गेली. कमी वादक घ्या म्हटलं की मी कमी घ्यायचे. तेच आणखी चार वेळा वाजवून घ्या म्हटलं की घ्यायचे. एखाद्याला पुन्हा बोलवू नका म्हटलं की बोलवायचे नाही, आणि कारण विचारायचे नाही. मला वाटत आलं होतं की माझा स्वभावच मिळतंजुळतं घ्यायचा आहे.

चार दिवसांनी मी पापडीला गेले. ग्लोरियाचं घर मला माहीत होतं, लहानपणापासून. नवा मजला चढला होता. बेल वाजवली. तिनेच दार उघडलं. जाड झाली होती, चष्मा लागला होता. मला पाहून ती दारातच उभी राहिली, दाराची कडी हातात धरून.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. वाट अडवून सांगावं तसं, भरभर. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘‘झालं?’’ ती म्हणाली.

‘‘तू कारखानीसांना खरं तेच सांगितलं होतंस. मी तुला—’’

‘‘थांब,’’ ती म्हणाली. ‘‘मला साधूबिधू करू नकोस. तुझं बोट वाकत होतं ते मी दोन वर्षं बघत होते. दोन वर्षं बोलले नाही. दौरा ठरला तेव्हा बोलले. मला जागा हवी होती. तुझ्या काळजीने सांगितलं असतं तर तुलाच सांगितलं असतं, कारखानीसांना नाही.’’

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘‘म्हणजे आपली फिटंफाट झाली का?’’ तिने विचारलं. ‘‘नाही. मी एकदा, एकालाच, खरं सांगितलं. तू दोन वर्षं दारोदार खोटं सांगत फिरलीस. मला सगळं कळायचं. सांगणारे असतात.’’

‘‘मी काय करू?’’

‘‘माझ्याकडे येऊन काय उपयोग? मला माहीतच आहे. ज्यांना सांगितलंस त्यांना सांग.’’

तिने दार लावलं.

घरी येऊन मी यादी केली. अकरा नावं. त्यांतले दोघे वारले होते. उरलेल्या नऊ जणांना मी दोन दिवसांत फोन केले. पहिल्यापासून सांगायचं, काही गाळायचं नाही, असं ठरवलं होतं. पण गोष्ट तिथपर्यंत पोचेचना.

‘‘कोण ग्लोरिया?’’ पहिल्यांनी विचारलं.

‘‘तुस्कानो. व्हायोलिन. वसईची.’’

‘‘नाही बुवा आठवत.’’

दुसऱ्यांनी तिला कुणा वेगळ्याच बाईत धरलं आणि त्या बाईच्या मुलाच्या लग्नाबद्दल बोलत राहिले. तिसऱ्या म्हणाल्या, अहो हेमांगीताई, इतकी वर्षं झाली, कशाला मनाला लावून घेता. कारखानीस ऐंशीचे झालेत, त्यांना ती आठवली. ‘‘ती भांडखोर,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, ते मीच तुम्हाला सांगितलं होतं, ते खोटं होतं. ते म्हणाले की त्यांना आता नीट ऐकू येत नाही.

नववा फोन शिरोडकरांना केला. ते हल्ली जाहिरातींना आणि सिनेमांना वादक पुरवतात. त्यांनाही ती आठवत नव्हती. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं आणि विचारलं, ‘‘वाजवतात अजून?’’

‘‘हो.’’

‘‘कसं?’’

‘‘माझ्यापेक्षा चांगलं,’’ मी म्हणाले. ‘‘पहिल्यापासूनच.’’

‘‘मला गुरुवारी एक व्हायोलिन कमी पडतंय. नंबर द्या त्यांचा.’’

माझ्याकडे तिचा नंबर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पापडीला गेले. बेल वाजवली. या वेळी तिने दार उघडलंच नाही. शेजारची खिडकी उघडली आणि गजांमागून ती मला बघत उभी राहिली. आत कुणाचा तरी धडा चालू होता, खालच्या तारेवर कुणी सूर घासत होतं.

मी गुरुवारचं सांगितलं. शिरोडकरांचं नाव सांगितलं. त्यांना नंबर हवाय म्हटलं.

मग तिने नंबर सांगितला, एकदाच, भरभर, मध्ये न थांबता. आणि खिडकी लावून घेतली.

माझ्याकडे कागद नव्हता, फोन पिशवीच्या तळाशी होता. मी ते दहा आकडे तोंडाने म्हणत फाटकापर्यंत चालत आले.